चहाची चव गेली नव्हती

प्रभा, तू कशानं गेलीस ते मला परवा तुझ्याच घरात, तुझ्याच फोटोसमोर बसून कळलं. डॉक्टरनं कागदावर हार्ट लिहिलं आहे, पण डॉक्टरला काय कळतं? तुझ्या पुण्यानुमोदनाला आलेल्या बायांना जास्त कळतं. वंदना संपली, पांढऱ्या साड्या सतरंजीवर ऐसपैस पसरल्या आणि जेवणाची पानं वाढायच्या आत तुझा निकाल लागला. बीरगावची तुझी ती लांबची वहिनी आहे ना, जिचा नवरा कारखान्यात सुपरवायझर असल्यामुळे जिला जगातली सगळी रसायनं लग्नातच आंदण मिळाली, ती म्हणाली, "अरे वो बम वाली दवाई पिलाई थी ना इनको, थायराइड के टाइम. बीस साल अंदर ही अंदर जलाती रही." दुसरी म्हणाली, "हव, त्यानंच त. तोंड सुकलं, डोळे गळू लागले, चहासुद्धा सुटला बिचारीचा." तिसरीनं "त्यानं म्हणे लेकरंबाळंही होत नाहीत" अशी फोडणी दिली. तुझी तिन्ही लेकरं त्या औषधाच्या कितीतरी आधीची, आणि त्यातली संगीता त्याच खोलीत पाणी वाटत फिरत होती. पण ज्ञान एकदा वाहू लागलं की कोण थांबवतो!

मी हसायच्या बेतात होते. मरणाच्या घरी मला हमखास हसू येतं आणि तू मांडीला चिमटा काढायचीस, ते आठवून आणखीच येत होतं. तेवढ्यात दाराशी बसलेली मिनू उठली. गळ्याभोवती ओढणी घट्ट केली आणि सगळ्यांच्या देखत संगीताला म्हणाली, "मम्मी, मैं नहीं लूँगी. आप फोन करके मना कर दो."

माझं हसू तिथंच जिरलं.

तुझी नात सव्वीस वर्षांची. गळ्याचं ऑपरेशन होऊन दीड महिना झाला. गाठ कॅन्सरची, आणि तुझ्याच जातीची निघाली. बघ, शब्द कसा बरोबर जिभेवर येतो माझ्या. डॉक्टर म्हणाले, नुसत्या ऑपरेशननं भागणार नाही, मागे राहिलेलं मारायला आयोडीनचा तो डोस घ्यावा लागेल, जो तू घेतला होतास. पोरगी तुझ्या भरवशावर तयार झाली होती. "नानी साथ चलेगी तो चलूँगी." आणि तू महिनाभरही थांबली नाहीस. तुला कुठल्याही कार्यक्रमातून आधी उठून जायची सवय होतीच म्हणा.

वीस-एकवीस वर्षांपूर्वीची ती शैला, म्हणजे मीच, पण तिचं-माझं फारसं पटत नाही, तेव्हा एक्कावन्न वर्षांची होती आणि स्वतःला रायपुरातली सर्वांत पुढारलेली मराठी बाई समजत होती. पुरावा काय, तर लग्न होऊन बुढापारा मोहल्ल्यात आली तेव्हा सासूबाईंचा एक कानतुटका कप तिनं मोरीत आपटून फोडला होता. तुमच्यातलं, म्हणजे जयभीमवाल्यांपैकी, कुणी घरी आलं तर सासूबाई त्याच कपात चहा देत. कप फोडायला अर्धा मिनिट लागला असेल. त्याची गोष्ट तिनं पुढं वीस वर्षं सांगितली. दफ्तरात आवक-जावकच्या टेबलावर आपण समोरासमोर बसू लागलो, त्या पहिल्याच आठवड्यात तिनं ती तुलाही ऐकवली. तू रजिस्टरातून मान वर न काढता विचारलंस, "एकच कप होता का व?"

त्या मूर्ख बाईला वाटलं, तू भारावलीस.

तुझं औषध ठरलं तेव्हाही ती जोरात होती. डोसच्या आधी आयोडीनचं मीठ बंद, असं डॉक्टरनं सांगितल्याबरोबर ही आपला उपवासाचा सैंधवाचा डबा घेऊन तुझ्या क्वार्टरला हजर. तू चिमूटभर जिभेवर ठेवून म्हणालीस, "तुमच्या एकादशीचं मीठ मले चालते का, ते पहिले तुमच्या देवाले विचारून घे." मग नागपूरला डोस घेऊन परत आलीस, आणि दोन आठवडे तुझं ताट वेगळं, कपडे वेगळे, झोपायची खोली वेगळी. लहान लेकरं आणि गरोदर बाया तर मुळीच जवळ नकोत. तू खिडकीत बसायचीस, मी अंगणात खुर्ची टाकायचे, आणि तू मला त्या दवाखान्यातल्या बंद खोलीची गंमत सांगायचीस. औषध शिशाच्या जाड डबीत आलं. नर्सनं ते लांबूनच सरकवलं आणि घाईघाईनं मागं झाली. बाहेर सोडायच्या आधी एक पोट्टा मशीन घेऊन दारात उभा राहिला, तुझ्यातून किती निघतं ते मोजायला. मशीन टिकटिक करत होतं.

"मोजून सांगतेत व ते," तू म्हणालीस. "किती हात लांब राहाचं, किती दिवस राहाचं, सारं मोजून. आमच्या बापजाद्यायले तर बिना मशीनीचंच दूर ठेवलं."

मी खळखळून हसले होते. मला वाटलं, ती गोष्ट दुसऱ्या कुणाबद्दल आहे.

त्रास तुला झाला, तो काही खोटा नाही. चार-सहा दिवस मळमळ होती. कानाखाली, जबड्याशी दोन्ही बाजूंना सूज आली, गालात गुलगुले भरल्यासारखी दिसत होतीस. थुंकी तयार करणाऱ्या गाठींनाही ते आयोडीन लागतं म्हणे. डॉक्टरनं आंबट चघळायला सांगितलं, तर तू दिवसभर काडीवरचा चिंचेचा लाटा चोखत बसायचीस, शाळेतल्या पोट्टीसारखी. तोंडाला सगळं लोखंडासारखं लागायचं. भाजी लोखंडाची, वरण लोखंडाचं. ते महिना-दीड महिन्यात गेलं. कोरडं तोंड मात्र राहिलं, म्हणून पाण्याची बाटली कायमची तुझ्या बगलेत. आणि सहा-सात महिन्यांनी डावा डोळा गळायला लागला. डोळ्यातलं पाणी नाकात उतरायची बारीक नळी बंद झाली होती. कधी कधी या डोसनंतर होतं तसं, असं डोळ्याचे डॉक्टर म्हणाले. आपल्या साहेबांच्या निरोप समारंभात तू एका डोळ्यानं रडलीस आणि ते इतके गहिवरले की भाषण पंधरा मिनिटं लांबलं. त्या माणसाला निरोप देताना दफ्तरात दुसरं कुणीही रडलं नव्हतं.

हे सगळं आयोडीननं केलं. आता जे आयोडीननं केलं नाही ते लिहिते.

डॉक्टरच्या कागदावर दोन आठवडे होते. विसाव्या दिवशी मी दफ्तरातल्या सगळ्या बायांना माझ्या घरी बोलावलं. तू बरी झालीस म्हणून पोहे आणि चहा. तुझ्याच स्वागताला, प्रभा. शैलाबाई दाराशी उभ्या, डोक्यात गजरा, "ये ग ये, वाघीण आली माझी." तू नवी हिरवी साडी नेसली होतीस. ट्रे आला. निळ्या फुलांच्या सहा कप-बशा आणि एक डिस्पोजल. ठेल्यावर मिळतो तसला कागदी पेला, ज्याला आपल्या रायपुरात झाडून सगळे डिस्पोजल म्हणतात. मी माझ्या हातानं तो तुझ्यासमोर ठेवला.

तू ट्रेकडं पाहिलंस. "कप कमी पडले का व?"

"अगं, मायाला दिवस गेलेत ना," मी म्हणाले. "गरोदर लेकीचं घर. उगीच कशाला... तू तर समजतेस."

"हव," तू म्हणालीस. "काळजी घ्यावी."

चहा पूर्ण प्यायलीस. पेल्याची घडी केलीस, एक, दोन, तीन, आणि उठून स्वतः कचऱ्याच्या डब्यात टाकून आलीस. बाकीच्या बाया पोह्यांत शेंगदाणे जास्त आहेत की कमी यावर बोलत होत्या. सासूबाई तरी बऱ्या म्हणायच्या. त्यांचा कानतुटका कप धुऊन पुन्हा तुमच्यासाठीच फळीवर ठेवला जायचा. मी तर तुला असा दिला की प्यायलीस की फेक. पुढारलेली होते ना.

दुसऱ्या दिवशी दफ्तरात तीनचा चहा आला आणि तू कप परत केलास. "मले नको आता. त्या आयोडीननं चहाची चवच गेली." सगळ्यांनी हळहळ केली. चहावेडी बाई, दिवसाला आठ कप पिणारी! सर्वांत जास्त हळहळ मी केली. घरीही तू तेच सांगितलंस, संगीताला, जावयाला, पुढं नातवंडांना. माझ्या घरी प्यायची नाही आणि बाकी जगात प्यायची, तर कुणीतरी विचारलंच असतं की तिथं असं काय झालं. म्हणून तू सरसकट सोडलास. माझी अब्रू झाकायला एवढी मोठी चादर लागली. त्यावर मी तुझे आभार कधी मानले नाहीत, उलट मनात म्हणायचे, बरं झालं बाई, खरंच चव गेली असेल.

वर्षभरानं तीही सोय राहिली नाही. संध्याकाळी बुढा तालाबाच्या काठानं मी भाजी घेऊन येत होते. एका ठेल्यामागं, बाभळीखाली, डावी बाजू रस्त्याकडं करून उभी तू. हातात काचेचा छोटा ग्लास. असा चहा पीत होतीस की काय सांगू! फुर्र करून, डोळे मिटून, डाव्या डोळ्यातून पाणी वाहतंय ते न पुसता. ठेलेवाला म्हणाला, "दीदी, एक और?" तू म्हणालीस, "दे ना भैया, अदरक जरा कूट के डाल." मग तू वळलीस आणि मी दिसले.

ग्लास खाली ठेवलास. मी मेथीची जुडी या हातातून त्या हातात घेतली. तू म्हणालीस, "मेथी कशी दिली?" मी भाव सांगितला. तू म्हणालीस, "महाग घेतली." आणि आपण आपापल्या घरी गेलो.

त्यानंतर वीस वर्षं आपण भांडलो. तुझ्या जावयाच्या नोकरीवरून, माझ्या नवऱ्याच्या घोरण्यावरून, निवडणुकीवरून, मिठाच्या प्रमाणावरून. माझे केस काळे करण्यावरून तर तू तीन दिवस बोलली नव्हतीस. आणि दर भेटीत एक ठरलेलं नाटक. मी चांगल्या कपात चहा तुझ्यासमोर ठेवायचे. "घेऊन तर पाहा, आली असेल चव." तू म्हणायचीस, "नाही आली." मी म्हणायचे, "डॉक्टरला विचार." तू म्हणायचीस, "विचारलं." कपावर साय धरायची आणि मी तो उचलून आत न्यायचे. एवढी वर्षं! एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य बोलायला तोंड कोरडं पडायचं माझं, आणि मी कसलाच डोस घेतला नव्हता.

तर परवा जेवणं झाल्यावर मी मागच्या पायऱ्यांवर मिनूजवळ जाऊन बसले. विचारलं, "काहून नाही म्हणतेस ग पोट्टे? त्या बायांचं ऐकून?"

"आंटियों की बात नहीं है," ती म्हणाली. तुझी नात मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीतून देते, हे तुझं दुःख होतं. "डॉक्टर बोल रहे हैं, मुँह का टेस्ट जाएगा तो कुछ हफ्तों में वापस आ जाएगा. पर नानी का तो आया ही नहीं ना. बीस साल चाय नहीं पी उन्होंने. ये तो मैंने खुद देखा है. एक बात झूठ निकली तो बाकी सब पे कैसे भरोसा करूँ?"

म्हणजे बीरगावच्या वहिनीनं तिला घाबरवलं नव्हतं. मी घाबरवलं होतं. माझा एक कागदी पेला डॉक्टरच्या सगळ्या कागदांवर भारी पडत होता. आणि त्या डोसाचे जे जे दुष्परिणाम लोक धरून बसले आहेत, त्यात हा एक माझ्या हातचा होता.

मी तिला ठेल्याची गोष्ट सांगितली. आलं कुटून घातलेला दुसरा ग्लास, फुर्र, सगळं. ती जी हसली! तू गेल्यापासून पहिल्यांदा. "नानी छुप छुप के चाय पीती थी? बाप रे!" मग जे खरं ते सांगितलं. तोंड कोरडं पडेल, पाण्याची बाटली बाळग. जबडा सुजेल. डोळा गळू शकतो. गोळी जन्मभर आहे, पण ती डोसमुळे नाही, थायरॉइडच काढून टाकलंय म्हणून. तिनं मुलाबाळांचं विचारलं, तर मी म्हणाले, तिथं मी शहाणपण करणार नाही. काही महिने थांबायला सांगतात एवढं ऐकून आहे, तू डॉक्टरला तोंडावर विचार, लाजू नको. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

मग विचारलं, "पर नानी ने झूठ क्यों बोला?"

मी डिस्पोजलचं सांगितलं. आणि सांगता सांगता तेच सांगितलं जे तुला सांगितलं होतं. माया, गरोदर, काळजी.

मिनूनं माझा हात धरला. "अरे तो ठीक है ना, आजी. बेबी था. आप भी क्या करतीं? नानी भी ना, ड्रामा क्वीन थी पूरी."

इतक्या स्वस्तात सुटले, प्रभा. आणि मला आवडलं. रिक्षात बसून घरी येईपर्यंत हलकं हलकं वाटत होतं, त्र्याहत्तराव्या वर्षी नव्या चपला घातल्यासारखं. पोरगी डोस घेणार, मी चांगली, आणि तू जरा नाटकी. सगळ्यांचं भलं! मी घरी येऊन भात टाकला, जेवले, झोपलेसुद्धा. एक्कावन्न वर्षांची ती शैला मेली असेल असं मी समजत होते. छे! धडधाकट आहे. तुझ्या मरणाच्या घरातून ती तुझ्याच नातीकडून माफी उचलून आणते आणि तुलाच नाटकी ठरवून येते.

सकाळी उठल्याबरोबर फोन केला. मिनू म्हणाली, "हाँ आजी, बोलो." मागं कुकरची शिट्टी झाली. मी म्हणाले, शिट्टी होऊ दे, मग सांगते. शिट्टी होऊन गेली.

"माया त्या दिवशी घरी नव्हती," मी म्हणाले. "भिलाईला होती, सासरी. आधी महिनाभर आली नव्हती, पुढं दोन महिने येणार नव्हती. घरात गरोदर कुणी नव्हतं. आणि डॉक्टरचा कागद मी स्वतः वाचला होता. चौदा दिवस होते. मला मोजता येत होतं."

"तो फिर क्यों, आजी?"

"ती तुमच्यातली होती म्हणून. आमच्यातली कुणी ते औषध घेऊन आली असती, तर तिला कप मिळाला असता. कप सात होते घरात. सातवा मी फळीवर मागं सरकवला होता."

तिनं विचारलं, "नानी को पता था? कि आपकी बेटी वहाँ नहीं थी?"

"मायानं त्याच सकाळी भिलाईहून फोन केला होता तुझ्या नानीला, तब्येत विचारायला."

"रखती हूँ," मिनू म्हणाली, आणि ठेवला.

यानंतर तीन दिवस काही नाही. संगीताचाही फोन नाही. एरवी ती दर रविवारी करते. मी त्या दोघींना फोन केला नाही. भीती माफी न मिळण्याची नव्हती. भीती ही होती की रागाच्या भरात पोरगी आता माझं काहीच खरं धरणार नाही, ठेलासुद्धा नाही, आणि गळ्यातलं ते तसंच राहू देईल. बायांनी तुला मारलं ते खोटं होतं. पण हिला मी मारलं असतं, ते खरं झालं असतं.

आज दुपारी मोबाइलवर मिनूचा मेसेज आला. दवाखान्यात भरती व्हायची तारीख. पुढच्या महिन्यातला सोमवार, सकाळी आठ. बस. वर 'आजी' नाही, खाली हात जोडलेले नाहीत, ये म्हटलेलं नाही, येऊ नको म्हणायचीही तसदी घेतलेली नाही.

पोट्टी जाणार आहे, प्रभा. मला एवढंच पाहिजे होतं. बाकीचं मला मिळायला नको होतं, आणि तिनं दिलं नाही.